कावळा आईच्या आवाजात हाक मारतो तेव्हा

रानवाट

चार वर्षांपूर्वी वादळात झाड पडलं आणि त्यातलं डोमकावळ्याचं एक पिल्लू आमच्या हाती आलं. उजवा पंख खांद्यापासून लोंबत होता. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी तो बांधून दिला, पण हाड वाकडं जुळलं. हा आता कधीच उडणार नाही, बाहेर सोडलात तर दोन दिवसही टिकणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून काळू आमच्या गॅलरीत आहे.

दिवसभर घरात आई असते. तो तिच्या खुर्चीच्या हातावर बसून असतो आणि तिच्या चष्म्याची दोरी चोचीत धरून ओढत राहतो. मी संध्याकाळी दार उघडलं की आई आतूनच विचारते, "आलीस का गं?" तिचा तो 'गं' जरा लांबतो आणि शेवटी आवाज किंचित चिरकतो.

दुसऱ्या वर्षी एकदा मी आत आले, "आलीस का गं?" ऐकलं, "हो" म्हटलं, हातपाय धुतले. दहा मिनिटांनी आई जिना चढून वर आली. ती घरात नव्हतीच.

त्यानंतर मी मुद्दाम त्याच्याजवळ बसून पाहिलं आहे. आधी तो मान खाली घालतो, गळ्याची पिसं फुगवतो, डोळ्यांवरून पांढुरका पडदा सर्रकन सरकतो आणि चोच जवळजवळ मिटलेली असतानाच ते शब्द बाहेर येतात. चेहऱ्यावर काहीच हलत नाही. फक्त गळ्याखालची पिसं थरथरतात. आणि आवाज आईचा, त्या चिरकण्यासकट.

आजवर तो हे फक्त दार वाजल्यावर म्हणायचा. पण तीन आठवडे झाले, आई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे गेली आहे आणि तिथेच राहणार आहे अजून काही दिवस. आता काळू सकाळी उठल्यापासून आईच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून "आलीस का गं?" म्हणतो. वीस वेळा, तीस वेळा. मी समोर उभी असते, पण माझ्याकडे बघून म्हणत नाही. त्या दाराकडे बघूनच म्हणतो.

मला हे ऐकवत नाही. तो तिला बोलावतो आहे, की मीच माझ्या मनातलं त्याच्या तोंडी घालते आहे? कावळ्यांचा अनुभव किंवा अभ्यास असलेल्यांनी कृपया लिहा.

मधुरा_के

वाचून अंगावर काटा आला. आई लवकर बऱ्या होवोत.

एक विचारते. कावळ्याच्या जिभेचं टोक चिरलं की तो बोलायला लागतो असं लहानपणी ऐकलं होतं. तुमच्याकडे असं काही केलं नव्हतं ना?

शीळ

नाही नाही, हे कुणीही कधीही करू नका! ही समजूत बऱ्याच देशांत आहे आणि तिच्यापायी आजवर कितीतरी पक्षी जखमी झाले आहेत, मेले आहेत. कावळ्याचा आवाज जिभेतून निघतच नाही. आपला स्वरयंत्राचा भाग श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला असतो, पक्ष्यांचा अगदी खाली, श्वासनलिका दोन फुप्फुसांकडे फुटते त्या जागी. त्याला सिरिंक्स म्हणतात. म्हणून तर रानवाटताईंना चोच मिटलेली दिसली आणि थरथर गळ्याखाली दिसली. त्यांनी पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलं आहे.

आणखी एक. कावळा दिसतो दांडगा, ओरडतो कर्कश, पण वंशावळीने तो गाणाऱ्या पक्ष्यांतला आहे. बुलबुल, दयाळ ज्या गटात आहेत त्याच गटात. ऐकून नवा आवाज शिकणं ही प्राणिसृष्टीत फार थोड्यांना जमणारी गोष्ट आहे. गाणारे पक्षी, पोपट, हमिंगबर्ड, आणि सस्तन प्राण्यांत माणूस, देवमासे, वटवाघळं, सील, हत्ती असे मोजकेच. माकडांना ती जवळजवळ नाही. कावळ्याकडे ते साधन जन्मापासून आहे. रानात तो त्याच्या कुटुंबाचे आवाज उचलतो, माणसांत वाढला तर माणसांचे. त्याच्या लेखी तुम्हीच त्याचा थवा.

तर्कशुद्ध

रानवाट, तुमच्या भावनेबद्दल पूर्ण आदर आहे, म्हणूनच मोकळेपणाने लिहितो.

पक्षी एखादा आवाज एखाद्या प्रसंगाशी जोडतात, एवढं पुरेसं आहे इथे. दार वाजणं, मग आईचा आवाज, मग तुमचं येणं, मग त्याच्याकडे लक्ष जाणं. आता आई नाही, लक्ष कमी झालं, म्हणून ज्या आवाजानंतर लक्ष मिळायचं तो आवाज तो जास्त काढतो. बोलावणं वगैरे त्यात असेलच असं नाही.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, आणि आपण म्हणतो कावळ्याने फांदी मोडली. याचं कावळ्यांचंच उदाहरण आहे. जपानमध्ये सेंदाई शहरात कावळे अक्रोड रस्त्यावर टाकतात, गाडीचं चाक जातं, अक्रोड फुटतो, हे सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलेलं असतं. कॅलिफोर्नियातही लोक हेच सांगायचे. तिथे संशोधकांनी शांतपणे मोजलं, गाडी येत असताना कावळे किती अक्रोड टाकतात आणि रस्ता मोकळा असताना किती. १९९७ मध्ये निष्कर्ष छापला : फरक नाही. तिथले कावळे अक्रोड नुसते कडक जमिनीवर आपटत होते, गाड्या आपल्या येत-जात होत्या. जपानी कावळ्यांबद्दल माझा आक्षेप नाही. पण पाहणाऱ्याला जे वाटतं ते मोजल्याशिवाय खरं मानू नये, इतकंच.

गच्चीवरचा

विषय थोडा वेगळा होईल, पण माझं दुखणं इथेच मांडतो. तीन वर्षं झाली, माझ्या वाटेवरचे कावळे मला टोचतात. फक्त मला. बायको, मुलगा, शेजारी सगळे त्याच झाडाखालून जातात, त्यांना काही नाही. मी दिसलो की एक जण ओरडतो आणि पाच मिनिटांत डोक्यावर कावळ्यांची शाळा भरते. मागच्या वर्षी टाळूवर रक्त निघालं. मी त्यांचं काहीही वाकडं केलेलं नाही. उलट एकदा एक मेलेलं पिल्लू वाटेत पडलं होतं, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून मी ते हातात उचलून झुडपाखाली पुरलं. तेवढाच माझा त्यांच्याशी संबंध.

शीळ

गच्चीवरचा, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच उत्तर आहे.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये आदिमानवाचा रबरी मुखवटा घालून आवारातले सात कावळे पकडले, पायात खुणेची कडी घातली आणि सोडून दिले. इजा कुणालाच केली नाही. पुढे तो मुखवटा घालून कुणीही आवारातून चाललं, बाई असो, पुरुष असो, उंच असो, ठेंगणा असो, की कावळे अंगावर ओरडत यायचे. तुलनेसाठी दुसरा मुखवटा होता तेव्हाचे अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांचा. त्याच्याकडे त्यांनी फारसं लक्षच दिलं नाही. म्हणजे कपडे नाहीत, चाल नाही, चेहराच. मुखवटा उलटा घातला तेव्हा काही कावळ्यांनी मान उलटी करून पाहिलं!

आणि पुढचं जास्त महत्त्वाचं. पकडले होते सात, पण वर्षं गेली तसे ओरडणारे वाढतच गेले. जे कधी पकडले गेले नव्हते, ज्यांचा त्या वेळी जन्मही झाला नव्हता, तेही ओरडू लागले. आईबापांकडून, शेजाऱ्यांकडून त्यांनी तो चेहरा शिकून घेतला. हे वैर दहा वर्षांहून जास्त टिकलं.

तुमच्या बाबतीत आणखी नेमका अभ्यास आहे. मार्झलफ यांच्याच विद्यार्थिनी केली स्विफ्ट यांनी मुखवटा घातलेल्या माणसाच्या हातात मेलेला कावळा दिला आणि त्याला कावळ्यांसमोर उभं केलं. कावळे जमले, ओरडले. नंतर तोच मुखवटा रिकाम्या हाताने आला तरी कित्येक आठवडे त्याच्यावर ओरडत राहिले. तुम्ही मायेने पिल्लू उचललंत. पण वरून पाहणाऱ्यांना एवढंच दिसलं, की या माणसाच्या हातात आपलं मेलेलं पिल्लू आहे.

गच्चीवरचा

हे वाचून दोन मिनिटं सुन्न बसलो. तीन वर्षं मी त्यांना शिव्या देतो आहे आणि ते बिचारे मला खुनी समजत आहेत. यावर काही उपाय?

शीळ

टोचा मारणारा कावळा जवळजवळ नेहमी पाठीमागून येतो. तोंड त्याच्याकडे ठेवलंत तर सहसा अंगाला भिडत नाही. घरटी असतात ते काही आठवडे छत्री घ्या किंवा वाट बदला. दगड, काठी अजिबात नको, त्याने त्यांचा समज पक्का होईल. चेहरा ओळखतात तसा चांगला चेहराही ओळखतात. लांब उभं राहून रोज एकाच जागी थोडं खायला ठेवा आणि निघून जा, थांबून बघू नका. वेळ लागेल, पण सोडू नका.

निंबोणी

हे पिल्लांवरून आठवलं म्हणून सगळ्यांनाच सांगते. घरट्यातून नुकतंच बाहेर पडलेलं कावळ्याचं पिल्लू बरेचदा जमिनीवर उड्या मारत फिरतं. शेपटी आखूड, चोच उघडली की आत लालसर. अंगावर पिसं असतील आणि जखम नसेल तर ते अनाथ नाही. आईबाप वर बसलेले असतात. फार तर मांजर-कुत्र्यापासून लांब, जवळच्या फांदीवर ठेवा आणि बाजूला व्हा. मी अशी पिल्लं सांभाळते आणि दरवर्षी निम्मी तरी लोकांनी उगाच उचलून आणलेली असतात. बोलायला शिकवायचं म्हणून धडधाकट पिल्लू घरी आणणं हा तर अन्याय आहे. रानवाटताईंच्या काळूला पर्यायच नव्हता, ती गोष्ट वेगळी.

मधुरा_के

एवढा चेहरे ओळखणारा पक्षी, मग कोकिळा त्याच्या घरट्यात अंडं घालून जाते ते कसं कळत नाही?

शीळ

अंड्यांच्या बाबतीत चूक महागात पडते. परकं समजून स्वतःचंच अंडं फेकलं तर सगळंच गेलं. कोकिळेचं अंडं लहान असलं तरी रंगाने, ठिपक्यांनी कावळ्याच्या अंड्यासारखं दिसतं, आणि पिल्लू आधी बाहेर येऊन चोच वासून मागायला लागतं. वासलेल्या चोचीत घास घालायचा हा आदेश फार जुना आहे, तिथे हुशारीला वाव नाही.

स्पेनमधल्या कावळ्यांची मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे ठिपकेवाली मोठी कोकिळा त्यांच्या घरट्यात अंडी घालते. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की असं परकं पिल्लू असलेली घरटी शिकाऱ्यांपासून जास्त वाचतात, कारण ते पिल्लू पकडलं की भयंकर घाण वासाचा द्रव सोडतं. म्हणजे प्रत्येक वेळी कावळा फसलाच असंही नाही.

जुनीवही

मूळ प्रश्नाकडे येतो. तर्कशुद्ध यांचा मुद्दा वाचला. तो बहुतेक बोलणाऱ्या पक्ष्यांना लागू पडतो हे मान्य. पण कोनराड लॉरेन्झ यांनी (१९७३ चं नोबेल मिळालेले ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ) दोन पक्ष्यांबद्दल लिहून ठेवलं आहे ते पाहा.

पहिला, रोआ. हा रेव्हन, म्हणजे थंड प्रदेशातला कावळ्याचा थोरला भाऊ. लॉरेन्झ यांनी हाताने वाढवलेला. रेव्हनला आपल्या साथीदाराला एखाद्या जागेवरून उठवायचं असेल तर तो मागून येतो, त्याच्या पाठीवरून अगदी जवळून उडतो, शेपटी हलवतो आणि एक ठरावीक हाक देतो. रोआला एखाद्या जागेची भीती बसली असली आणि लॉरेन्झ तिथे उभे दिसले, की तो त्यांच्यासाठी हेच सगळं करायचा, तसाच मागून येऊन, डोक्यावरून झेपावून. पण हाक मात्र रेव्हनची नाही. माणसाच्या आवाजात "रोआ!" म्हणायचा, स्वतःचंच नाव. इतर रेव्हनशी तो रेव्हनचीच हाक वापरायचा. लॉरेन्झ त्याला बोलवताना "रोआ" म्हणायचे, तेव्हा या माणसाची बोलवायची हाक हीच, असं त्याने ठरवलं असावं. हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

दुसरा हान्स्ल, करड्या अंगाचा कावळा, जवळच्या गावातल्या एका रेल्वे कामगाराने वाढवलेला. मोकळा हिंडायचा आणि तिथल्या पोरांच्या बोलीत वाक्यंच्या वाक्यं बोलायचा. एकदा बरेच दिवस गायब झाला. परतला तेव्हा पायाचं एक बोट मोडून वाकडं जुळलेलं होतं, आणि तोंडात नवं वाक्य होतं. त्याचा अर्थ, सापळ्यात धरलाय त्याला. बहुतेक पक्षी शंभरदा ऐकलेलं उचलतात. लॉरेन्झ यांचं म्हणणं, भीतीच्या किंवा उत्कट क्षणी हे पक्षी थोडक्यात ऐकलेलंही पकडतात.

याहून जुनी गोष्ट रोमची आहे. ऑगस्टस लढाई जिंकून आला तेव्हा लोक त्याला "विजयी सम्राटाचा जय असो" म्हणणारे पक्षी विकू लागले. एका गरीब चांभारानेही एक रेव्हन आणून शिकवायला घेतला. तो काही केल्या बोलेना. चांभार रोज वैतागून म्हणायचा, कष्टही गेले, पैसेही गेले! शेवटी पक्षी जय म्हणायला शिकला. ऑगस्टस समोरून जाताना म्हणाला, असे स्तुती करणारे घरी पुष्कळ आहेत. तेवढ्यात पक्षी बोलला, कष्टही गेले, पैसेही गेले. ऑगस्टस हसला आणि त्याने सगळ्यात जास्त किंमत त्यालाच दिली. मॅक्रोबियस या रोमन लेखकाने बऱ्याच शतकांनंतर नोंदवलेली ही कथा आहे, ती कथा म्हणूनच घ्यावी. पण शिकवणीचे शब्द जड जातात आणि जीव ओतून म्हटलेले पटकन रुजतात, हे पक्षी पाळणारे आजही सांगतात. आईच्या 'गं' मधला चिरका स्वर काळूने उचलला तो यामुळेच असेल का?

निंबोणी

+१. माझ्याकडचा एक कावळा माझा खोकला शिकला होता. तीन महिने रोज मी त्याला "ये रे" म्हणत होते, ते मात्र कधीच नाही.

कोवळंऊन

बोलण्याइतकंच करण्याचंही आहे. न्यू कॅलेडोनिया बेटावरचे कावळे काटक्यांचे आकडे करून लाकडातल्या अळ्या काढतात, हे गॅव्हिन हंट यांनी १९९६ मध्ये मांडलं. ऑक्सफर्डमधल्या बेटी नावाच्या कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतली छोटी बादली वर काढली, दहापैकी नऊ वेळा. नंतर कळलं की त्यांच्यातले रानातले कावळेही लवचीक काटक्या वाकवतात, म्हणजे ती कल्पना अगदी शून्यातून आली नव्हती. तरी तार ही तिच्यासाठी नवीच वस्तू. आणि हे सगळं पंधरा ग्रॅमहूनही लहान मेंदूत! रेव्हनच्या मेंदूच्या वरच्या भागात सुमारे १.२ अब्ज चेतापेशी मोजल्या आहेत, कित्येक माकडांच्या तोडीच्या. आकार लहान, पण पेशी फार दाट भरलेल्या.

तर्कशुद्ध

दोन दिवस वाचत होतो. माझ्या आधीच्या प्रतिसादात भर घालायला हवी.

मी धरून चाललो होतो की आवाज त्याच्या तोंडून आपोआप सुटतो, सवयीने. पण ट्युबिंगेन विद्यापीठात आंद्रेआस नीडर यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की कावळे ठरवून आवाज काढू शकतात आणि ठरवून गप्प राहू शकतात. पडद्यावर एक रंग आला की ओरडायचं, दुसरा आला की नाही. २०२४ मध्ये त्याच गटाने तीन कावळ्यांना खूण बघून एक, दोन, तीन किंवा चार वेळा मोजून ओरडायला शिकवलं. चुका झाल्या, पण अंदाधुंद नाही. आणि पहिल्या आवाजाच्या ढबीवरूनच हा पुढे किती वेळा ओरडणार ते संशोधकांना ओळखता येत होतं. म्हणजे चोच उघडण्याआधी बेत ठरलेला असतो.

यावरून काळू आईला बोलावतोच असं सिद्ध होत नाही. पण 'नुसती सवय' हे मी ज्या खात्रीने लिहिलं, ती खात्री आता नाही. तुम्ही एक करून पाहाल का? तो केव्हा म्हणतो, कुणाकडे तोंड करून म्हणतो, तुम्ही जवळ असताना किती आणि नसताना किती, एवढं लिहून ठेवा. मोबाइल लावून ठेवलात तरी चालेल. लक्ष वेधण्यासाठी असेल तर तुम्ही समोर असताना जास्त म्हणेल.

जुनीवही

आणि हेही लक्षात असू द्या. ग्विनर आणि क्नॉयटगेन यांनी १९६२ मध्ये रेव्हनच्या जोड्यांबद्दल लिहिलं आहे. जोडीतल्या प्रत्येकाचे काही आवाज खास त्याचे असतात, एरवी दुसरा ते काढत नाही. पण साथीदार दिसेनासा झाला की मागे राहिलेला पक्षी त्या गेलेल्याचे आवाज काढू लागतो. आणि ते ऐकून गेलेला परत येतो.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनीवही, तुमचा शेवटचा प्रतिसाद मी फोनवर आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

तर्कशुद्ध, तुम्ही सांगितलं तसं नऊ दिवस लिहून ठेवलं. एकूण १८४ वेळा. मी खोलीत असताना ४१, मी बाहेर असताना फोनवर रेकॉर्ड झालेले १४३. बहुतेक सकाळी सात ते दहा, म्हणजे आई खुर्चीवर येऊन बसते ती वेळ. मी दार उघडून आले तेव्हा या नऊ दिवसांत एकदाही नाही. माझ्यासाठी तो ते वापरेनासाच झाला होता.

काल आई आली. वॉकर घेऊन हळूहळू, दारातून खुर्चीपर्यंत यायलाच पाच मिनिटं लागली. काळू गॅलरीच्या कठड्यावर होता. त्याने एक डोळा, मग दुसरा डोळा करून वॉकरकडे पाहिलं आणि मागे सरकला. मला वाटलं घाबरला. आई बसली, वॉकर मी बाजूला नेला. मग तो उड्या मारत आत आला, खुर्चीच्या पायाशी थांबला, एका उडीत हातावर चढला आणि चष्म्याची दोरी चोचीत धरून बसला. आवाज काढला तो अगदी खालच्या पट्टीतला, घशातल्या घशात, पाणी उकळत असल्यासारखा. शब्द एकही नाही.

आईनेच विचारलं त्याला, "आलास का रे?"

आज सकाळी सात ते दहा रेकॉर्डिंग लावलं होतं. आत्ता ऐकून संपवलं. त्यात फक्त आईचं बोलणं आहे.

गच्चीवरचा

रानवाटताई, आईंना नमस्कार सांगा. मीही आजपासून भिंतीवर थोडं खायला ठेवायला सुरुवात केली. ठेवलं आणि मागे न बघता निघालो. ओरडले, पण खाली कुणी आलं नाही. उद्या परत ठेवतो.